फुकटचं पाडकाम

ठाण्याला राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, नव्वदीला टेकलेलं घर आहे : चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढची ओटी, माजघर आणि देवघर तसंच ठेवायचं. मागचं स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, न्हाणी आणि पडवी पाडून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधायचं, असं ठरलं आहे. काम दिवाळीनंतर सुरू होईल. कंत्राटदार म्हणतो, ‘पाडायचा एक पैसा घेत नाही, निघेल तो माल माझा.’ आर्किटेक्ट म्हणतो, ‘काळजी करू नका, जुनं लाकूड आपण एलेव्हेशनला, म्हणजे दर्शनी भागाला, वापरू.’ धाकटा भाऊ म्हणतो, ‘भंगाराचा सोस सोड.’ पुण्याच्या चुलतभावाचा घरात हिस्सा आहे, त्याला परसाकडचं दार हवंय. ताईंना मात्र काहीच टाकवत नाही; न्हाणीतली दगडी डोण (पाण्याची कुंडी) ठाण्याच्या गॅलरीत नेता येईल का, हेही त्यांनी विचारलं आहे. ‘सगळं जपायचं तर नेमकं काय करायचं, आणि कंत्राटदाराला नाही म्हटलं तर खर्च वाढेल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

खर्च वाढेल. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. हातानं सुटं करत उतरवलेलं घर जेसीबीनं लोळवलेल्या घरापेक्षा जास्त मजुरी खातं आणि जास्त दिवसही खातं. पण तो जादा खर्च किती आणि त्यापोटी हातात राहणारा माल कितीचा, हा हिशेब तुमच्यापैकी कुणीच अजून मांडलेला नाही. पत्रात चार जणांची चार मतं आहेत, तरी एक गोष्ट चौघांनी गृहीत धरली आहे : मालाचं काय करायचं ते पाडकाम निघाल्यावर बघू. तेव्हा बघायला काही उरत नाही. पहार लागली की अर्ध्या तासात चौकट फुटते, आणि फुटलेल्या चौकटीवर चर्चा करून उपयोग नसतो. जे ठरवायचं ते पहिलं कौल उतरण्याआधी, कागदावर.

कंत्राटदाराच्या ‘फुकट’पासून सुरुवात करू. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. निघालेला माल विकून पाडकामाची मजुरी भागवायची, हा या धंद्यातला जुना आणि उघड व्यवहार आहे. फक्त त्यात तुम्ही विकणाऱ्या आहात आणि किंमत घेणाऱ्यानं ठरवलेली आहे, हे कुणी बोलत नाही. तेव्हा त्याच्याकडून दोन आकडे लेखी मागा. एक, माल तुझा धरून पाडकामाचे किती. दुसरा, माल आमचा, तू सुटा करून आवारात रचून द्यायचा, त्याचे किती. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या मालाची त्यानं मनात धरलेली किंमत अधिक सांभाळून काढण्याची जादा मजुरी. दुसरा आकडा द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर तेही उत्तरच समजा.

मग तुमच्या बाजूचा अंदाज काढा. त्यासाठी टेप आणि वही पुरते. सहा इंच बाय सहा इंच, आठ फूट उंचीचा खांब म्हणजे २ घनफूट लाकूड. आठ बाय सहा इंचांची बारा फुटी तुळई म्हणजे ४ घनफूट. मागच्या भागात असे खांब किती आणि तुळया किती ते मोजा, बेरीज घ्या आणि जुनं इमारती लाकूड घेणाऱ्या दोन वखारींत घनफुटाचा भाव विचारा. तुमच्या बंधूंना ‘भंगार’ म्हणायचं असेल तर या बेरजेनंतर म्हणू द्या.

एक सावधगिरी. कोकणातल्या जुन्या घरात सगळंच सागवान नसतं. दारं-चौकटी बहुधा सागाच्या, पण खांब-तुळयांना ऐन, किंजळ, फणस असं हाताशी होतं ते लाकूड वापरलेलं सापडतं, आणि मागच्या पडवीला तर वासे म्हणून पोफळीसुद्धा. वखारवाल्याला सागाचाच रस असतो. फणसाला तो नाक मुरडेल, पण घरात वापरायला जुना फणस उत्तम. तेव्हा विकायची किंमत आणि वापरायची किंमत, असे दोन रकाने ठेवा.

आता बंधूंचं. त्यांचं एक म्हणणं मला पटतं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही : सगळं जपता येत नाही, जपूही नये. मुंबईहून फोनवर ‘सगळं ठेवा हं’ असं सांगून झालेली कामं मी पाहिली आहेत. माल मागच्या अंगणात ढिगानं पडतो, वर निळी ताडपत्री, दोन पावसाळे जातात आणि तिसऱ्या वर्षी तोच माल चुलीत जातो. जी वस्तू पुढे कुठे बसणार हे ठरलेलं नाही, ती जपली असं होत नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूला चारांपैकी एक जागा द्या : होती तिथेच परत, याच घरात दुसरीकडे, विकणे किंवा कुणाला देणे, आणि डबर, म्हणजे टाकून द्यायचा राडारोडा. पाचवी ‘असू दे, बघू’ नावाची जागा ठेवू नका.

बंधू विचारतीलच, असले उद्योग कुणी करतं का म्हणून. कोथरूडचा मस्तानी महाल असाच सुटा करून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केलेला आहे. मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी पाडायला निघालेली जुनी घरं तुकड्या-तुकड्यानं उतरवून घेतली आणि पुन्हा उभारली. पण तेवढं लांब कशाला जायचं? तुमच्या वाडीत एखाद्या गोठ्यावर उतरवलेल्या घराचीच कौलं असतील. कोकणात हे पूर्वापार चालत आलंय. मोडलंय ते जेसीबी स्वस्त झाल्यावर.

कौलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. शंभर चौरस फुटांच्या छपराला साधारण दीडशे कौलं लागतात, म्हणजे मागचं पाखं (छपराची मागची उतरती बाजू) उतरल्यावर हजाराच्या घरात कौलं तुमच्या हातात येतील. नव्या खोल्यांवर तर स्लॅब पडणार. मग ही कौलं कशाला? पुढच्या भागाच्या शाकारणीला, म्हणजे छपराच्या डागडुजीला. दरवर्षी माकडं चारदोन फोडतात, वादळात पंधरा-वीस जातात, आणि जोडीला बसणारं कौल बाजारात मिळत नाही. मिळत नाही याचं कारण कौलाच्या पाठीवर आहे. उलटं करून बघा, कारखान्याचा शिक्का उमटलेला दिसेल. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेनं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मागोमाग तिथे आणि इतरत्र पुष्कळ निघाले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. एका कारखान्याच्या कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, तिथूनच गळतं. त्यामुळे उतरवतानाच शिक्क्यानुसार वेगळे ढीग करायला सांगा. प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. खालच्या बाजूचे उंचवटे, जे रिपेला (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला) अडकतात, ते तुटले असतील तर कौल दिसायला अख्खं असूनही उताराच्या छपराला बिनकामाचं. रचताना आडवी एकावर एक नको, उभी, कडेवर रचायची. आडव्या ढिगात तळाची हमखास फुटतात.

दारांचा प्रकार वेगळा. चुलतभाऊ ‘दार’ मागतोय, पण दार म्हणजे काय ते त्याला विचारा. जुनी दारं कितीदा बिजागरीवर नसतात. फळीचंच टोक वर-खाली कोरलेल्या खोबणीत फिरतं, आणि ती खोबण असते चौकटीच्या माथ्याच्या लाकडात आणि उंबऱ्यात. नुसत्या फळ्या उचलून नेल्या तर ते दार कुठेच फिरणार नाही. शिवाय चौकटीचं वरचं आणि खालचं लाकूड दोन्हीकडे वीतभर भिंतीत गेलेलं असतं. घाईतला मजूर काय करतो, भिंतीच्या कडेला करवत लावून ती टोकं उडवतो आणि चौकट ओढून घेतो. चौकट सुटते, पण तिचे सांधे खिळखिळे होतात आणि नव्या भिंतीत धरायला काही राहत नाही. आधी बाजूचे चिरे काढायचे, मग चौकट अख्खी, तिरपी न होता, आडव्या फळ्या ठोकून बाहेर घ्यायची. कड्या, कोयंडे, साखळी, आडणा (दारामागचा आडवा दांडा) हे त्याच दाराच्या नंबरच्या पिशवीत. आणि उंची मोजा. साडेपाच फुटी दार देवघराला शोभतं. तुमच्या सहा फुटी भाच्याच्या बाथरूमला नाही.

तुळया-खांबांची तपासणी सोपी आहे. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोचत चला. मधे लाकूड दगडासारखं लागेल. भिंतीत गेलेल्या टोकांना मात्र वीतभर आत जाईल, कारण ओल तिथेच मुरते. म्हणून बारा फुटी तुळई दोन्ही टोकं छाटल्यावर दहा-साडेदहा फुटी उरते असं धरून चाला. यावरून माझा एक आग्रह आहे : आधी तुळया मोजा, मग खोली आखा. आर्किटेक्टनं बारा फुटांची खोली काढली आणि मग ‘जुन्या तुळया पुरत नाहीत’ म्हटलं, तर चूक तुळयांची नाही. जुन्या खाचा आणि भोकं कुठे येतात हेही बघायला हवं. तुळईच्या मध्यावर खालच्या अंगाला खोल खाच असेल तर तिच्यावर पुन्हा भार देऊ नये. कुठली तुळई भार घेईल आणि कुठली नाही, हे इंजिनिअरनं प्रत्यक्ष बघून लिहून द्यावं. भोकांतून भुकटी पडतेय का हे पाहायला खाली वर्तमानपत्र अंथरा. दोन-चार दिवसांनी पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर भुंगा अजून आत आहे, औषध लागेल. काहीच पडलं नाही तर भोकं जुनी आहेत, घाबरायचं कारण नाही. आणि खिळे! गिरणीवाले जुनं लाकूड चिरायला का-कू करतात ते एका आत तुटलेल्या खिळ्यानं पातं जातं म्हणून. खिळे काढण्याची मजुरी वेगळी धरा, नाहीतर लाकूड जागेवरच राहतं.

आता त्या ‘एलेव्हेशन’वर दोन शब्द. कोरीव खांब दर्शनी भागावर चिकटवायचे, तुळईचे तुकडे खिडक्यांवर शोभेला ठोकायचे, ही सध्याची फॅशन आहे आणि मला ती बिलकूल पटत नाही. तुमचे खांब नव्वद वर्षं टिकले ते छपराखाली, वळचणीच्या आत होते म्हणून. तेच कोकणातल्या पावसात उघड्यावर, वरच्या टोकाला टोपी नाही, तळ थेट सिमेंटमध्ये गाडलेला, असे उभे केले तर थोड्याच वर्षांत तळ कुजतो आणि उन्हानं अंगावर उभ्या चिरा पडतात. खांब घरात वापरा, किंवा ओटीचा एखादा खांब सडला असेल तर मागचा तिथे लावा. आर्किटेक्टला विचारा, ‘वापरू’ म्हणजे कुठला नंबर, नकाशावर कुठे? उत्तर नकाशावर दिसलं पाहिजे.

बाकीचं भराभर सांगते. चिरा मातीत किंवा चुन्यात रचलेला असेल तर अख्खा सुटतो. जोत्याला, गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला), पायऱ्यांना तोच वापरा, नवीन चिऱ्याचा आणि वाहतुकीचा पैसा वाचेल. मधल्या काळात सिमेंटनं केलेली डागडुजी सुटत नाही, तो भाग डबर समजा. शहाबादी फरशीचंही तसंच, चुन्यावरची निघते, सिमेंटवरची फुटते. जुनी वायरिंग, गंजलेले लोखंडी पाइप, पितळी स्विच दिसायला कितीही गोड असले तरी परत जोडायचे नाहीत. पडवीवर कधी काळी सिमेंटचे पत्रे घातले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा : फोडायचे नाहीत, घासायचे नाहीत, पाणी मारून अख्खे उतरवायचे आणि परत वापरायचे नाहीत. दारावरचा जुना ऑइलपेंटही कोरडा घासू नका. रंगातल्या शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसं असेल असंच समजून ओलं करून खरवडा, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

डोण. तिचा हिशेब करून पाहिला. बाहेरून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काळ्या दगडाची डोण धरली, तर पोकळी वजा जाऊन साधारण पावणेचार घनफूट दगड उरतो. घनफुटाला ८० किलोनं ३०० किलो. पाणी भरलंत तर आणखी ८०-८५. गॅलरीला चौरस मीटरमागे साधारण ३०० किलोचा भार धरलेला असतो आणि तुमची डोण बसणार अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर. सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल तो पुढचा प्रश्न. डोण गावीच राहू दे, परसात नळाखाली. तिथे ती कामाला येईल.

कागदावर काय लिहायचं, हे आता महत्त्वाचं, आणि हेच इतर वाचकांनाही उपयोगी पडेल, मग घर कोकणातलं असो की पुण्या-साताऱ्याकडचा वाडा. बहुतेक कोटेशनमध्ये एकच ओळ असते : ‘जुने बांधकाम पाडून माल हटविणे.’ या ओळीत तुमचं घर संपतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत सांभाळून सुटं करणं आणि तोडून पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, दर वेगळे आहेत, आणि वापरण्याजोगा माल ५० मीटरच्या आत रचून द्यायचा हेही त्या ओळीतच लिहिलेलं असतं. सरकारी कामात जे गृहीत आहे ते तुम्ही खासगी कामात मागायला लाजू नका. तुमच्या करारात साधारण अशी वाक्यं यावीत :

‘सोबतच्या यादीतील सर्व वस्तू मालकाच्या राहतील. त्या हत्यारांनी, हाताने सुट्या करून, नंबर घालून, ठरलेल्या जागी रचून द्यायच्या आहेत. यादीतील कोणतीही वस्तू विचारल्याशिवाय कापायची नाही. यादीतील शेवटची वस्तू रचून झाल्यावर व मालकाच्या माणसाची सही झाल्यावरच यंत्र आवारात येईल. कौलांत शंभरामागे दहापर्यंत फूटतूट मान्य. त्यापुढील फूटतुटीची भरपाई ठरलेल्या दराने बिलातून वजा होईल. यादीबाहेरील माल कंत्राटदाराचा. डबर ग्रामपंचायतीने दाखवलेल्या जागी टाकण्याची जबाबदारी कंत्राटदाराची.’

दहा हा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे. कौलांची अवस्था बघून तुम्ही कमी-जास्त करा. पण काहीतरी फूटतूट मान्य करा. ‘एकही कौल फुटता कामा नये’ असं लिहिलंत तर समोरचा ते वाक्य वाचूनच सोडून देईल, आणि उरलेलीही. शेवटचं वाक्य गाळू नका. डबर ओढ्यात, गटारात लोटायला २०१६ च्या बांधकाम-कचरा नियमांपासून मनाई आहे, तरी गावाकडे ते सर्रास वहाळात जातं आणि बोट घरमालकाकडे दाखवलं जातं.

काढण्याइतकंच बसवण्याचंही लिहा, कारण इथेच सगळे घसरतात. साफ करणं, खिळे काढणं, टोकं छाटणं, वाळवीचं औषध, रंधा, परत बसवणं, आणि कमी पडेल तिथे नवीन तुकडा जोडणं ही स्वतंत्र कामं आहेत, स्वतंत्र दरानं. ती लिहिली नाहीत तर सहा महिन्यांनी सुतार म्हणणार, ‘याच्यापेक्षा नवीन प्लायवूड स्वस्त’, आणि त्या दिवशी त्याचं खरंही असेल.

यादी तुम्ही स्वतः करा. श्रावणात जा, भर पावसात. उन्हात घर खोटं बोलतं. पावसात कुठलं कौल गळतं, कुठली तुळई ओली आहे, कुठल्या भिंतीला ओल चढते, सगळं दिसतं. प्रत्येक वस्तूला नंबर, मोबाइलवर फोटो, माप, अवस्था आणि त्या चारांपैकी जागा. नंबर खडूनं नको, पहिल्या सरीत जातो. पत्र्याच्या चकतीवर ठोकून, झाकल्या जाणाऱ्या बाजूला खिळ्यानं लावा. खांबाचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही त्यावर येऊ द्या. नक्षी एकाच अंगाला असते आणि उतरवल्यावर ते कुणालाच आठवत नाही.

त्याच फेरीत इंजिनिअरला बरोबर न्या. पुढचं ठेवून मागचं पाडायचं म्हणता, पण तुमच्या घरात आढ्यापासून निघालेले वासे एकसंध मागच्या पडवीपर्यंत गेले असतील आणि माजघराची तुळई मागच्या भिंतीवर टेकली असेल. मागचा आधार काढला की पुढच्याला टेकू लागणार. किती आणि कुठे, हे पाडकामाच्या दिवशी ठरवायचं नसतं.

ठेवायची जागाही आधीच बघा. गोठा असेल तर उत्तम. जमिनीपासून दोन चिऱ्यांच्या उंचीवर, थरांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं लाकूड रचायचं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलंत तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. काहीही विकून किंवा चुलतभावाला देऊन गावाबाहेर न्यायचं असेल, तर गाडी भरण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. घराचा उतारा, उतरवण्याआधीचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला गाडीत असू द्या. रात्री नाक्यावर अडवलेला टेम्पो सोडवणं फार त्रासाचं असतं.

चुलतभावाचं दार मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. तुमच्या यादीत ‘कुणाचं’ असा एक रकाना वाढवा आणि सगळ्या हिस्सेदारांच्या त्यावर सह्या घ्या, काम सुरू व्हायच्या आधी. आज सगळे म्हणतील, ‘आपल्यात कसलं लिहायचं?’ पण दार पुण्याला गेलं की देव्हारा आठवतो, देव्हारा ठरला की झोपाळ्याच्या कड्या. विकून पैसे आले तर ते घराच्या कामात जाणार की वाटले जाणार, हेही त्याच कागदावर. आणि कुणी गमतीनं म्हणालंच की जोत्याखाली आजोबांनी काही पुरलं असेल, तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे; जमिनीत काही मौल्यवान मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बहुधा एखादं फुटकं मडकंच मिळतं.

राहता राहिला कंत्राटदार. दोन आकडे दिल्यावरही तो ‘असलं नाजूक काम आपल्याला जमणार नाही’ म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका, त्याचं खरं असेल. अशा वेळी सुटं करण्याचं काम त्याच्याकडे देऊच नका. छपरावर चढणारा, शाकारणीला येणारा गडी आणि गावातला एखादा जुना सुतार, बरोबर चार माणसं, हे काम वेगळं करून देतील. त्यांना मजुरी दिवसावर द्या, ठोक नको. ठोक दिलं की प्रत्येकाला घरी जायची घाई होते. रोज संध्याकाळी त्या दिवशी उतरलेला माल यादीशी ताडून बघायला तुमच्यापैकी एक जण तिथे राहिला पाहिजे, आणि तो धाकटा भाऊ असला तर फारच बरं. मुख्य कंत्राटदाराला मग मोकळ्या भिंती पाडून जोतं साफ करण्याचं तेवढं काम उरतं, आणि त्याचे पैसे त्यानं दिलेल्या पहिल्या आकड्याशी ताडून ठरवा.